पत्री, माटोळी आणि मेक्सिकोचा झेंडू

भाद्रपद शुद्ध तृतीयेला दादरच्या फूलबाजारात पत्रीच्या जुड्यांचे ढीग लागतात. ‘एकवीस पत्री’ म्हणून घेतलेली जुडी घरी सोडून पाहिली, तर दूर्वा, आघाडा, बेल, तुळस एवढी ओळखीची पाने निघतात आणि बाकी सगळा नाव नसलेला हिरवा पाला. गुरुजी एकेका पानाचा मंत्र म्हणत जातात, यजमान हाताला लागेल ते पान वाहत जातो, आणि गणपतीकडून त्याबद्दल आजवर तक्रार आलेली नाही.

मूळ यादी मात्र वाचण्यासारखी आहे. माका, बेल, दूर्वा, बोर, धोतरा, तुळस, शमी, आघाडा, डोरली, कण्हेर, रुई, अर्जुन, विष्णुक्रांता, डाळिंब, देवदार, मरवा, पिंपळ, जाई, केवडा, हादगा आणि मालती. प्रांताप्रांतात एखाददुसरे नाव बदलते, पण साधारण हीच एकवीस. ही पाने कुठे उगवतात ते लिहीत गेले की गावाचा नकाशाच तयार होतो. जाई, मालती, मरवा, डाळिंब परसात. माका बांधावरच्या ओलीत. आघाडा, धोतरा, रुई, डोरली गावठाणाच्या कडेला, उकिरड्याजवळ, पडक्या भिंतीलगत. पिंपळ पारावर, बेल देवळामागे, अर्जुन नदीकाठी, केवडा खाडीच्या ओलसर काठाला. म्हणजे पत्री खुडायला निघालेल्या माणसाला परसापासून नदीपर्यंत सगळी शीव पायाखाली घालावी लागे.

या यादीत सुगंधाला किंवा रूपाला फारसा मान नाही, हेही नजरेत भरते. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला इजा होते. धोतरा आणि कण्हेर विषारी. डोरलीला काटे. आघाड्याची कणसे नेसलेल्या धोतराला चिकटतात ती निघता निघत नाहीत. आजकाल एकवीस पत्रींमागे एकवीस औषधी गुण शोधण्याची टूम आहे. औषधी उपयोग आहेतच, पण त्याहून साधे कारण डोळ्यांसमोर असते. ज्या झाडांना गुरे तोंड लावत नाहीत, ती श्रावण-भाद्रपदात गावाच्या आसपास हमखास उभी असतात. देवाला वाहायची वस्तू गरिबालाही पैसा न मोडता मिळावी, ही अट ज्याने यादी केली त्याच्या मनात असणार.

तरी यादीत एक पाहुणा आहेच. देवदार हा पश्चिम हिमालयातला वृक्ष. सह्याद्रीत तो नाही, कोकणात नाही, देशावर नाही. उत्तरेत तयार झालेली यादी दक्षिणेत आली आणि नाव तेवढे शिल्लक राहिले असावे. पूजाविधीने अशा अडचणीवर तोडगा आधीच काढून ठेवला आहे: जे मिळत नाही त्याच्या जागी अक्षता. शास्त्र कडक आणि व्यवहार मऊ, ही आपल्या पूजेची जुनी तऱ्हा.

याद्या करण्याचा सोस मात्र मोठा होता. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्याच्या व्रतखंडात कोणत्या तिथीला, कोणत्या देवाला, काय वाहावे याचा पसारा आहे. पुढे १७९०-९१च्या सुमारास पंढरपुरात काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी ‘धर्मसिंधु’ लिहिला आणि महाराष्ट्रातल्या भिक्षुकांना एकाच पोथीत सगळे निर्णय सापडू लागले. या परंपरेतले फुलांविषयीचे नियम पाहिले तर त्यांत माळ्याचे शहाणपण दिसते. किडके नको, हुंगलेले नको, मातीत पडलेले नको. पण पारिजातक आणि बकुळ जमिनीवरून वेचून वाहिले तर चालतात, कारण ती फुले झाडावर थांबतच नाहीत. तुळस आणि बेल शिळे होत नाहीत. कमळाला काही दिवसांची सवलत आहे. जे वाळले तरी आपला रंग-गंध धरून राहते, किंवा दुरून आणावे लागते, त्याला नियमाने सूट दिली.

निषेधांचीही गंमत आहे. गणपतीला वर्षभर तुळस नाही. तिने त्याला मागणी घातली, त्याने नाकारली आणि दोघांनी एकमेकांना शाप दिले, अशी पुराणकथा. पण चतुर्थीच्या पत्रीत तीच तुळस मानाने बसते. शंकराला केतकी नाही, कारण तिने ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिली. गणपतीला मात्र केवडा लागतोच. बापाशी वैर आणि लेकाशी सख्य.

ही सामग्री घरोघर पोचवण्याची व्यवस्थाही ठरलेली होती. बारा बलुतेदारांत गुरव होता. देवळाची पूजा, दिवाबत्ती, गावाला बेलपत्री पुरवणे आणि पंगतीला पत्रावळी लावून देणे हे त्याचे काम. बदल्यात सुगीला खळ्यावर त्याचा धान्याचा वाटा. बेल कुठल्या झाडाचा तीन पानी आणि निर्दोष निघतो, पळसाची पाने कधी लवचीक असतात, हे ज्ञान त्याच्याकडे पिढीजात असे. बलुते मोडले तसा हा पुरवठा बाजाराकडे गेला. त्या ज्ञानातले किती बाजारात उतरले, याचा अंदाज दादरच्या जुडीवरून येतो.

पाना-फुलांपलीकडे देवाच्या अंगाला थेट लागणारी द्रव्ये आहेत आणि तिथे निवड जास्त जोखमीची आहे. पंढरपूरला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्र निघेपर्यंत विठ्ठल-रुक्मिणीला चंदनाची उटी लावतात. उन्हाळ्यात देवालाही गारवा हवा, हा त्यामागचा भाव. खोड सहाणेवर उगाळून काढलेला लेप दुपारी अंगभर चढतो. चंदनाचे लाकूड मुख्यतः कर्नाटकाकडचे, आणि तिथे या झाडाचा इतिहास राजकीय आहे. टिपू सुलतानाने १७९२ साली चंदनाला राजवृक्ष ठरवून त्यावर राज्याचा हक्क सांगितला. हा सरकारी मक्ता पुढे दोन शतके टिकला. स्वतःच्या शेतातल्या चंदनावर शेतकऱ्याची मालकी कर्नाटकाच्या कायद्याने २००१मध्ये मान्य केली. परसातल्या तुळशीसारखे चंदन सहजी हाताला येणारे कधी नव्हतेच. ते आधी राजाकडून आणि मग सरकारी लिलावातून देवापर्यंत पोचत राहिले.

शेंदराची गोष्ट वेगळी. मारुती, गणपती, म्हसोबा, डोंगरावरच्या देवी यांचे रूप महाराष्ट्रात शेंदरानेच घडवले. हे शिशाचे संयुग. तेलात कालवून वर्षानुवर्षे थर चढत जातात आणि खालचा दगड नाहीसा होतो. नाशिक जिल्ह्यातल्या वणीच्या सप्तशृंगीचे अठरा हातांचे शिल्प कड्यात कोरलेले आहे. २०२२च्या जुलैपासून काही आठवडे मंदिर दर्शनाला बंद ठेवून तिच्यावरचे शेंदराचे थर उतरवण्यात आले. खालून निघालेला चेहरा पाहून, पिढ्यान्‌पिढ्या देवीला ओळखणारे भाविक चकित झाले. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीची झीज थांबवण्यासाठी २०१५ साली पुरातत्त्व खात्याकडून रासायनिक संवर्धन करून घ्यावे लागले, आणि अभिषेक उत्सवमूर्तीवर करण्याची वाट धरावी लागली. दही, मध, लिंबू ही सगळी नैसर्गिकच, पण दगडाला त्यांचे नैसर्गिकपण कळत नाही.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात शिरले की सजावट देवाच्या डोक्यावर जाते. मूर्तीच्या वर, छताला आडवी, पोफळीच्या किंवा बांबूच्या पट्ट्यांची चौकट टांगतात. ती माटोळी, मालवणीत माटवी. तिला लोंबते काय? नारळाची पेंड, सुपारीची शिपटी, केळीचा घड, तोरंजन, चिबूड, काकडी, दोडकी, आंबाडे, फागलां म्हणजे देशावरची कर्टोली. हे झाले कुळागरातले, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतले, आणि परसातले. त्यांच्या मधून मधून रान उतरते: कांगलांचे पिवळे घोस, म्हणजे आयुर्वेदातली ज्योतिष्मती, कवंडाळाची शेंदरी गोल फळे, नागलकुड्याच्या वाकड्या जोडशेंगा, वाळल्यावर खुळखुळणाऱ्या घागऱ्या, माट्टीची, म्हणजे ऐनाची, पाच पंखांची फळे, हरणाची पिवळी फुले, शेरवडाची पांढरी पाने, तेरडा. बांधायला सुतळी नव्हे, कुंभ्याच्या सालीचे दोर.

माटोळीत खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे शेजारी शेजारी लोंबतात, हे तिचे खरे वैशिष्ट्य. कवंडाळ पोटात गेले तर माणसाचे हाल होतात. तरी ते शेंदरी फळ नसेल तर माटोळी सुनी वाटते. घरातल्या पोराला हे तोड, त्याला हात लावू नको, हे सांगण्याची वर्षातली तीच वेळ. आदल्या दोन-तीन दिवसांत आजा, बाप आणि नातू रानात जात. कुठल्या आगरात कुठली वेल आहे हे घराघराला ठाऊक असे, आणि ती जागा शेजाऱ्याला सहसा सांगत नसत. ज्यांना रान उरलेले नाही त्यांच्यासाठी म्हापसा, पणजी, फोंडा, मडगाव इथे चतुर्थीआधी माटोळीचा बाजार भरतो. डोंगराकडच्या बायका टोपल्यांतून वाटे लावून बसतात. गिऱ्हाईक नाव विचारते, त्या सांगतात.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नवे. भाताची पहिली कणसे घरात येतात, देवापुढे ठेवली जातात, आंब्याच्या पानांबरोबर दाराला बांधली जातात. माटोळी आणि नवे एकत्र पाहिले की या सणाचा मूळ पिंड उघड होतो: पावसाने काय काय पिकवले त्याची हजेरी. रान, परस, कुळागर, शेत, सगळ्यांनी एकेक नग पाठवायचा.

याच गोव्यात काही घरांत मातीचा गणपती आणतच नाहीत. कुठे कागदावर रंगवलेला पूजतात, कुठे नुसती पत्री मांडून तिलाच गणपती मानतात. ही चाल इन्क्विझिशनच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाच्या, काळात पडली असे ती घराणी सांगतात. काळ खराच तसा होता. सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेशातली देवळे पाडली गेली, मंगेश आणि शांतादुर्गेसारखी दैवते रातोरात नदीपलीकडे अंत्रूज महालात नेली गेली, आणि १५६०मध्ये आलेले इन्क्विझिशन मधली काही वर्षे वगळता १८१२पर्यंत टिकले. मूर्ती घरात सापडली तर लपवता येत नाही. पाने सापडली तर ती पाने असतात.

पण पाने तरी सुरक्षित होती का? १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने धर्मांतरित घरांसाठी एक लांबलचक मनाईहुकूम काढला. अ. का. प्रियोळकरांनी गोव्यातल्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथात तो सविस्तर दिला आहे. लग्नात विडे-फुले पाठवू नयेत, हळद लावू नये, अशा कलमांबरोबर घरात, परसात, बागेत तुळस ठेवू नये, असलेली उपटून टाकावी, असेही त्यात आहे. एका झाडाची सत्तेला इतकी धास्ती वाटावी, यावरून ते झाड घराशी किती घट्ट बांधलेले होते हे कळते. दोनशे वर्षे ख्रिस्ती झालेल्या घरांतही ते उभे होते, म्हणून तर हुकूम काढावा लागला.

इतिहासाचा विनोद असा, की तुळस उपटायला निघालेल्या त्याच सत्तेच्या जहाजांच्या काळात देवाला एक नवे फूल मिळाले. झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथे आजही नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या सणाला कबरी झेंडूने सजवतात. आपल्याकडे तो आला पोर्तुगीज दर्यावर्दी व्यापाराच्या ओघात, आणि दसऱ्याच्या तोरणात असा जाऊन बसला की रामायणकाळापासून तिथेच असावा. जुन्या पूजाग्रंथांतल्या फुलांच्या याद्यांत त्याचा पत्ता नाही. असणे शक्यच नव्हते. देवळाच्या आवारातला देवचाफा मध्य अमेरिकेचा. निशिगंधही मेक्सिकोचा. गुलबक्षी, करदळ, पिवळी कण्हेर, सगळी अमेरिकेहून आलेली मंडळी. शेवंती चीनची. माटोळीत टांगलेला अननस आणि नैवेद्याच्या ताटातला पेरू हेही त्याच बोटीचे प्रवासी. परंपरेचा कडवा अभिमानी ज्या हाराने मूर्ती झाकून टाकतो, त्यातली निम्मी फुले शिवकाळाच्या थोडी आधी या देशात उतरली आहेत.

झेंडू जिंकला तो गुणांवर. जाई-जुई संध्याकाळी फुलतात आणि सकाळपर्यंत मलूल होतात. बकुळ बारीक, ओवायला वेळखाऊ. चाफ्याला हात लागला की डाग पडतो. झेंडू पोत्यात कोंबा, ट्रकवर चढवा, रात्रभराच्या प्रवासानंतर बाजारात ओता, तो जसाच्या तसा. पावसाळ्यात लावला की अडीच-तीन महिन्यांत, नेमका नवरात्र-दसऱ्याला तोडणीला येतो. वर रंग हळदीचा आणि भगवा. धर्मशास्त्राने त्याच्यासाठी एकही श्लोक खर्ची घातला नाही आणि त्यालाही त्याची गरज पडली नाही. पूर्वी देवाची फुले ठरत ती हाताच्या अंतरावर काय उगवते यावरून. रेल्वे आणि मालमोटारी आल्यावर, वाटेत काय टिकते यावरून ठरू लागली.

असाच पालट मखरात झाला. घरगुती गणपतीचे मखर म्हणजे केळीचे खांब, आंब्याचे टाळे, रंगीत कागद, बेगड आणि भेंड. भेंड हा पाणथळ जागी वाढणाऱ्या झुडपाचा पांढराशुभ्र, अतिशय हलका गाभा. धारदार सुरीने त्याचे कागदासारखे पापुद्रे काढता येतात आणि त्यांची फुले, कळ्या, झालरी होतात. लग्नातली बाशिंगेही याचीच. बंगालात याला शोला म्हणतात आणि तिथल्या मालाकारांनी दुर्गेचा सगळा साज त्यातून घडवण्याची कला फार उंचीवर नेली आहे. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात थर्माकोल आला. पांढरा, हलका, कापायला सोपा आणि हवा तेवढा मोठा. भेंडाचे सगळे गुण त्यात होते. कुजण्याचा गुण तेवढा नव्हता. दोन दशकांत गल्लोगल्ली थर्माकोलचे ताजमहाल, किल्ले आणि अष्टविनायक उभे राहिले. ते कापणाऱ्या कारागिरांचे हात खरोखरच तयारीचे होते, हे त्यांच्या टीकाकारांनीही कबूल करावे.

२३ मार्च २०१८ला महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. गणपती जवळ येऊ लागले तेव्हा माल तयार होता. थर्माकोल सजावटकारांची संघटना मुदत मागायला मुंबई उच्च न्यायालयात गेली. जुलैमध्ये न्यायालयाने नकार दिला. तेव्हापासून पुठ्ठा, कापड, बांबू, कागद यांची मखरे ‘इकोफ्रेंडली’ पाटीखाली विकली जातात. पाटी नवी आहे. पुठ्ठा वगळला तर माल पणजोबांच्या घरातला आहे.

गोव्यात उलटाच ओघ दिसतो. तिथे माटोळी मागे पडली नाही, तिला सरकारी आश्रय मिळाला. कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळी स्पर्धा घेते. परीक्षक घरोघर जातात. शेकडो प्रकारची फळे, फुले, मुळे, शेंगा टांगून कुणी गणपतीचा, कुणी देवळाचा आकार उभा करतो. कितीतरी विसरलेल्या वनस्पतींची नावे या निमित्ताने पुन्हा ओठांवर आली, स्पर्धकांच्या घरी त्यांच्या चिठ्ठ्या लागल्या, शाळेची मुले पाहायला येऊ लागली. हा मोठा लाभ.

पण निवडीची कसोटी त्यात पुन्हा एकदा बदलली. पूर्वी माटोळीला लागे ते त्या आठवड्यात रानात सहज दिसणारे. स्पर्धेत वजन पडते ते दुसऱ्या कुणाकडे नसलेल्या वस्तूला. मग शोध दुर्मीळाचा सुरू होतो, आणि दुर्मीळ वेलीला आलेली मोजकी फळे बी पडण्याआधीच चौकटीला लागतात. राजेंद्र केरकर यांच्यासारखे गोव्याच्या रानाचे आणि लोकजीवनाचे अभ्यासक माटोळीबद्दल लिहितात तेव्हा तिच्या कौतुकाबरोबर ती जिथून येते त्या जंगलाचाही विषय काढतात. खाणी, रस्ते आणि वसाहतींनी कांगलांच्या वेली आधीच मागे सारल्या आहेत. शहरातल्या काही घरांनी यावर स्वतःपुरता उपाय शोधला आहे. पाच-सहा खरी फळे, नारळ, सुपारीचे एक शिपटे, आणि उरलेल्या जागी बाजारातून आणलेली प्लास्टिकची द्राक्षे आणि सफरचंदे, जी अनंत चतुर्दशीनंतर धुऊन पुढच्या वर्षासाठी माळ्यावर ठेवता येतात.